झडप, जप आणि लोण्याची वाटी

२ नोव्हेंबर, सकाळ

नवी वही घेतली नाही. जुन्या हिशेबाच्या वहीची पाने पाठकोरी आहेत, ती का वाया घालवा? हे कुणी वाचायचे नाही. देव वाचतो तेवढे पुरे.

काल डॉक्टर सासूबाईंचे गुडघे पाहून गेले. म्हणाले, औषध थोडे, ऊब जास्त. पण ऊब एकसारखी हवी. घटकेत भट्टी आणि घटकेत बर्फ असे चालणार नाही. हे बोलताना त्यांनी आमच्या शेगडीकडे ज्या नजरेने पाहिले ती मला आवडली नाही. अंगावरचा कोटही काढला नव्हता. त्या फीमध्ये कोट काढणे बसत नसावे.

संध्याकाळी धाकट्या भावजींचा फोन. आईला आमच्याकडे पाठवा, आमच्याकडे भिंतीवर बटण आहे, दाबले की सारे घर उबदार. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघे येतो; घर असेच गार असले तर आईला बरोबरच घेऊन जातो. सासूबाईंना कुणी विचारले नाही. त्या शेगडीशेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या असाव्यात. फक्त काठीच्या मुठीवर बोटे जरा जास्तच आवळलेली होती.

मी भावजींना सांगितले, खुशाल या. सासूबाई कुठेही जात नाहीत. हे केवळ कर्तव्य म्हणून. प्रेमाबिमाचा प्रश्न नाही. चहात साखर किती असावी यावर लग्नापासून आमचे एकमत झालेले नाही.

संकल्प: त्या रविवारच्या आत शेगडी पूर्ण कंट्रोलमध्ये. लाकूड निम्मे, ऊब दुप्पट. देवाला सांगून ठेवले आहे.

३ नोव्हेंबर

शेगडीचा अभ्यास केला. ओतीव लोखंड, पोट मोठे, तोंडाला काचेचे दार, डोक्यातून निघालेला धुराड्याचा नळ. उजव्या कुशीला झडपेची दांडी. दांडी वर केली की हवा आत, खाली केली की हवा बंद. सगळा कंट्रोल म्हणजे ही एवढीशी दांडी! आणि ह्यांना इतक्या वर्षांत जमले नाही. हे विमा कार्यालयात आगीच्या विभागात आहेत. जाळ दिसला की हे मागे सरकतात आणि किती नुकसान होईल त्याचा अंदाज करू लागतात.

मॅट्रिकला शास्त्रात ज्वलनाचा धडा होता. परीक्षेत आला नाही, पण मला पाठ होता.

थर्मामीटर हवा. दुकानात किंमत विचारली आणि हात जोडून परत आले. त्याऐवजी युक्ती केली. शेगडीपासून सर्वांत लांबच्या फळीवर लोण्याची वाटी ठेवली. लोणी कडक म्हणजे खोली गार, मऊ म्हणजे उत्तम, पाणी म्हणजे अति. थर्मामीटर फुटला तर पैसे गेले. लोणी कधी वाया जात नाही.

४ नोव्हेंबर

ह्यांनी थर्मामीटर पावाला लावून खाल्ला.

५ नोव्हेंबर

लाकडाच्या वखारीत गेले. मागच्या बाजूला एक ढीग निम्म्या भावात होता. वखारवाला म्हणाला, बाई, हे ओलं आहे, पुढच्या थंडीला जळेल. मी म्हटले, आमच्याकडे लवकर जळेल. तो म्हणाला, चार वेळा पेटवावं लागेल. मी म्हटले, काड्यापेटी कुठे महाग आहे? मग तो गप्प बसला. व्यवहारात समोरच्याला गप्प करणे हीच कमाई.

लाकडे आणून धुराड्याच्या नळाभोवती उभी केली. वाळतील. ह्यांना विचारले तर म्हणाले, शेगडीच्या अंगाला लाकूड टेकवून ठेवले असेल तर आमची कंपनी भरपाई देत नाही. जेवतानाही कचेरी सोडत नाहीत.

७ नोव्हेंबर, दुपार

पहिली टेस्ट. विचार असा: ऊब कुठे जाते? धुराड्यातून. कशाबरोबर जाते? हवेबरोबर. मग हवाच बंद केली तर ऊब जाईल कुठे? साधा तर्क आहे. दांडी पार खाली केली.

तर्क बरोबर होता. ऊब बाहेर गेली नाही. धूरही गेला नाही.

सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या. काचेचे दार काळेकुट्ट. ह्यांना खोकल्यात विनोद सुचतात. म्हणाले, अगं, आपण शेगडी बाहेर ठेवून आत धूर ठेवला तर लाकूड मुळीच लागणार नाही.

सासूबाई हसल्या. त्यांचे गुडघे दुखत असताना त्या इतक्या हसल्या हे मला खटकले.

८ नोव्हेंबर

सासूबाईंना शेगडीला हात लावायची बंदी केली. कारण सांगते. त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या, हातांनी लाइनी जोडायच्या दिवसांत. रिटायर होऊन केस पांढरे झाले, पण हात स्वस्थ नाहीत. शालीची गाठ सोड, बांध. खिडकीची कडी काढ, लाव. दिव्याचे बटण उगीच खालीवर. आज पाहते तर काठीची वाकडी मूठ झडपेच्या दांडीत अडकवून बसलेल्या! मी म्हटले, आई, एका शेगडीला दोन मालक झाले की शिस्त राहत नाही. त्या म्हणाल्या, मला गार वाटत होतं गं. मी म्हटले, वाटण्यावर शास्त्र चालत नाही. त्या म्हणाल्या, बरं बाई, तुझी शेगडी, तुझं शास्त्र. आणि डोळे मिटले.

मला जिंकल्यासारखे वाटले. मग त्यांचा चहा केला. साखर त्यांच्या मनासारखी घातली, चुकून.

११ नोव्हेंबर

देव आहे!

झडप किती वेळ किती उघडायची हा प्रश्न होता. घड्याळ सारखे बघत बसणे जमत नाही. आज संध्याकाळी सहज सुचले. शेगडीसमोर पाटावर बसायचे, डोळे मिटून जप करायचा, एक माळ संपली की दांडी बोटभर खाली, पुढची माळ संपली की आणखी बोटभर. जप होतो आणि शेगडीही होते. वेळेची बचत वेगळीच.

दोन माळा केल्या. डोळे उघडले तर आत जाळ कसा शांत, पिवळा, डौलदार! धूर नाही. लोणी बोटाने दाबून पाहिले: मऊ. सासूबाई खुर्चीत घोरत होत्या. काठी मांडीवर.

ओली लाकडेसुद्धा जळली. नामाचा महिमा.

१२ नोव्हेंबर

पुन्हा यश. एक गंमत: मी दांडी खाली केली होती ती डोळे उघडल्यावर वर दिसली. आधी दचकले. मग आठवले, लोखंड तापले की प्रसरण पावते. मॅट्रिकला होते.

१४ नोव्हेंबर

सिस्टीम बसली. घर असे उबदार की ह्यांनी स्वेटर काढला. लग्नानंतर हिवाळ्यात प्रथमच ह्यांचे कोपर पाहिले. लाकूड निम्मे नाही, पण निम्म्याहून थोडेच जास्त.

सासूबाईंच्या मनात भक्ती जागी झाली आहे. पूर्वी माझ्या जपाला कंटाळायच्या. आता संध्याकाळ झाली की म्हणतात, अगं, बसायचं ना जपाला? मध्येच मी डोळे उघडले तर म्हणतात, एकाग्रता ठेव गं, देवासमोर चुळबुळ बरी नाही. या वयात एवढे परिवर्तन! शेगडी सुधारली ती सुधारली, सासूही सुधारली.

१६ नोव्हेंबर

आज डोळे उघडे ठेवून पोथी वाचली. शेगडी धुमसली, लोणी कडक. सासूबाई शालीत कुडकुडत माझ्याकडे बघत राहिल्या, अगदी दया येईल अशा.

निष्कर्ष: उघड्या डोळ्यांची भक्ती शेगडीला पोचत नाही. उद्यापासून फक्त जप, डोळे गच्च.

१७ नोव्हेंबर

गच्च मिटले. उत्तम रिझल्ट.

सासूबाईंच्या काठीच्या मुठीवरचे रबर वितळून वाकडे झाले आहे. जरा शेगडीपासून लांब धरा म्हटले तर म्हणाल्या, हो गं, झोपेत जाते पुढं. हल्ली रबरात दम राहिला नाही. नवे आणले नाही. जुन्या चपलेचा तुकडा कापून बसवला.

१९ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावर शिवणकामवाली राहते. तिची शेगडीही आमच्यासारखीच. तिने विचारले, तुमच्याकडे इतके उबदार कसे? मी पद्धत समजावली, फुकट. तिने रात्री केली. जिना धुराने भरला. सगळे गॅलरीत उभे. ती म्हणाली, ताई, मी दोन माळा केल्या हो! मी विचारले, मनात काय चालले होते? ती म्हणाली, गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचं माप. मी म्हटले, मग झालं तर.

हे म्हणाले, हिला तरी निदान विमा घ्यायला सांग.

२१ नोव्हेंबर

महिला मंडळात माझ्या शेगडीचा बोलबाला झाला आहे. (मी सांगितल्यामुळे.) पुढच्या महिन्यात व्याख्यान ठरले. विषय मीच सुचवला: 'शेगडी आणि साधना'. अध्यक्षीणबाईंनी विचारले, प्रयोगासाठी किती घरे पाहिलीत? मी म्हटले, एक. पण ते रोज.

भाषणाची सुरुवात लिहून काढली. 'भगिनींनो, अग्नी बाहेर नसतो.' पुढचे सुचले नाही. पण सुरुवात भारदस्त आहे.

२४ नोव्हेंबर

सासूबाईंना हे दवाखान्यात घेऊन गेले. मी घरी. सहज एक माळ केली, शेगडी विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. हवामान बदलले असणार, ढग आहेत.

ते दोघे परतले, सासूबाई खुर्चीत टेकल्या, मी जपाला बसले, शेगडी लगेच ठीक. म्हणजे ढगच.

डॉक्टरांनी गुडघे सुधारल्याचे सांगितले. एकसारखी ऊब मिळते आहे असे म्हणाले. मला बोलावून अभिनंदन करायला हवे होते, पण ते त्यांच्या फीत बसत नसेल.

सासूबाईंना म्हटले, बघा, आता तुम्हाला कुठे जावे लागत नाही. त्या माझा हात धरून थोडा वेळ थोपटत राहिल्या. त्यांच्या तळव्याला काजळी होती. कुठून लागली कोण जाणे. मीही पुसली नाही.

२६ नोव्हेंबर

रविवारची तयारी. भावजी आणि धाकटी जाऊ येतील तेव्हा नुसती ऊब पुरेशी नाही. ऊब *पोचते* हे दिसले पाहिजे. म्हणून प्लॅन: सासूबाईंची खुर्ची शेगडीजवळून उचलून पार खिडकीपाशी मांडायची. शेगडीला चिकटून बसलेल्या म्हातारीला ऊब मिळते यात काय नवल? खिडकीपाशी मिळाली तर भावजींचे बटण हरले.

सासूबाईंना सांगितले. त्यांचा चेहरा एकदम उतरला. म्हणाल्या, नको गं, मला शेगडीजवळच बसू दे. मी समजावले, आई, परीक्षा कठीण असली तरच मार्कांना किंमत. त्या म्हणाल्या, अगं, नापास झालीस तर मला बॅग भरावी लागेल. मी म्हटले, विश्वास ठेवा. त्या म्हणाल्या, विश्वास आहे गं, पण हात पोचला पाहिजे ना. त्यांना देवाचा हात म्हणायचे असावे. मी म्हटले, त्याचा हात सगळीकडे पोचतो.

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. भक्तीचा भर.

२९ नोव्हेंबर

उद्याची यादी: काच पुसणे. नवे लोणी. ह्यांना त्या लोण्यापासून दूर ठेवणे. चांगले सुके लाकूड आणणे. (आणले नाही. ओले अजून बरेच उरले आहे. श्रद्धा एकदा सिद्ध झाली की लाकडावर जादा खर्च कशाला?)

जाऊबाईंनी फोनवर सांगितले की आईंसाठी खोली तयार केली आहे, पडदेही नवे लावले. लावोत.

रात्री सासूबाई झोपल्या आहेत की नाही पाहायला गेले. जाग्या होत्या. म्हणाल्या, त्यांच्याकडं मला सगळं हातात आणून देतात गं. पाणी, पेपर, चष्मा. उठूसुद्धा देत नाहीत. मी म्हटले, मग सुखच आहे. त्या म्हणाल्या, हो, सुखच आहे. आणि भिंतीकडे वळल्या.

मला उगीच झोप लागली नाही. जेवण जड झाले असेल.

३० नोव्हेंबर, रविवार, रात्र

सगळे क्रमाने लिहिते. हात काळे आहेत, पानावर डाग पडतील. पाठकोरे पान आहे, चालेल.

भावजी आणि जाऊबाई दुपारी आले. कोट काढले. पहिला विजय! (सकाळपासून लाकूड जाळून ठेवले होते.) सासूबाई खिडकीपाशी, काठी हातात, नजर शेगडीवर, जणू गाडी सुटली आणि त्या फलाटावरच राहिल्या. मी चार शब्द बोलले. 'अग्नी बाहेर नसतो' हेही म्हणून घेतले. मग ओंडके घातले, पाटावर बसले, डोळे गच्च मिटले, माळ सुरू.

पहिली माळ संपली. दांडी बोटभर खाली. दुसरी माळ. मागे कुणीतरी खोकले. मला वाटले, भावजींचा कंठ दाटून आला. मग जाऊबाईंचा हुंदका स्पष्ट ऐकू आला. नंतर ह्यांचाही. माझ्याही डोळ्यांना मिटल्यामिटल्या धारा लागल्या. मनात आले, केवढा हा भाव! सगळ्या घराला पाझर फुटला! तिसरी माळ घेतली. दांडी आणखी खाली.

सासूबाईंचा आवाज आला, अगं बाई, उघड!

मी म्हटले, अजून माळ संपायची आहे.

त्या म्हणाल्या, डोळे नको, झडप उघड, झडप!

डोळे उघडले. काही फरक पडला नाही. मिटलेले असताना जेवढे दिसत होते तेवढेच उघडल्यावर दिसले. ह्यांचा आवाज कुठून तरी आला: सगळ्यांनी खाली वाकून दाराकडे चला, रांगेत, धक्काबुक्की नको. कचेरीत शिकवले असेल. भावजी टेबलाला वहिनी म्हणून हाक मारत होते. मी दांडी शोधत होते, हाताला लागली ती लोण्याची वाटी. शेगडीच्या इतक्या जवळ ती कशी, हा विचार केला, मग कळले की मीच फळीपर्यंत पोचले होते.

तेवढ्यात ठक, ठक, ठक. काठीचा आवाज. खोली ओलांडून सरळ, न अडखळता. मग लोखंडाचा खट् असा आवाज झाला. शेगडीने दीर्घ श्वास घेतला, आत जाळ उठला आणि धूर वर खेचला जाऊ लागला. हळूहळू माणसे दिसू लागली. सगळी काळी. मधोमध सासूबाई, काठीची मूठ दांडीत अडकवून, दुसरा हात कमरेवर. सवयीने म्हणाल्या, हं, लाइन जोडली, बोला.

त्यांनी दांडी जरा खाली घेतली, गालावरून ऊब अजमावली, पुन्हा केसभर वर केली. बघितलेसुद्धा नाही तिच्याकडे. असा हात एका दिवसात बसत नाही.

जाऊबाई काळ्या रुमालाने डोळे पुसत म्हणाल्या, आई, तुम्हाला हे जमतं? सासूबाई म्हणाल्या, त्यात काय जमायचंय? मला गार वाटलं की उघडते, उकडलं की लावते. ही डोळे मिटते तेव्हा.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. आणि सगळे माझ्याकडे.

मला प्रसरणाचा नियम आठवला. सांगितला नाही.

भावजी खिडकी उघडून म्हणाले, पुरे झाले, आई, चल. बॅग कुठे आहे? हे घर आहे की धुराडे? आमच्याकडे एक बटण दाबले की सगळे आपोआप होते. सासूबाई खुर्चीकडे वळल्या. मला वाटले, शाल घ्यायला चालल्या. मी म्हटले, भावजी, सुके लाकूड आणते, बारीक फोडून आणते, किंमत पडेल ती देते, त्यांना नेऊ नका. *किंमत पडेल ती.* हे मीच बोलले. ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

सासूबाईंनी शाल घेतलीच नाही. खुर्चीची पाठ धरली आणि ढकलू लागल्या. खर्र, खर्र, खिडकीपासून शेगडीपर्यंत. वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. बसल्या. म्हणाल्या, बाबा रे, तुझ्याकडं सगळं आपोआप होतं. तिथं मी पण आपोआप मरेन. इथं मला काम आहे. आणि मी उठले इथून, तर ही बाई देवाचं नाव घेता घेता सगळ्यांना त्याच्याच घरी पोचवील!

भावजी रागावतील असे वाटले. ते हसले. धुरामुळे फक्त दात दिसले. मग जाऊबाई हसल्या, मग हे. मी हसले नाही. निदान सगळ्यांत शेवटी हसले.

ते दोघे रात्री गेले. जाताना जाऊबाई म्हणाल्या, नवे पडदे सासूबाईंसाठी इकडे पाठवते. इथल्या धुराने काळे झाले तर चालतील का, असेही विचारले.

१ डिसेंबर

घर घासले. साबण फार गेला.

महिला मंडळाला कळवले की व्याख्यान पुढे ढकलावे, अभ्यास चालू आहे. वखारीत जाऊन सुके लाकूड आणले, पूर्ण भावाने. वखारवाला काही बोलला नाही. त्याने मला गप्प केले.

संध्याकाळी शेगडी उत्तम चालली. व्यवस्था अशी: झडप सासूबाईंकडे, ओंडके घालणे माझ्याकडे. महिनाभर मी ज्याला माझा कंट्रोल म्हणत होते, त्यात माझ्या वाट्याला हे आले. म्हणाल्या, लहान घाल, लहान, केवढा तो! घातला लहान.

मग जपाला बसले. आता लपवायचे काही नाही म्हणून डोळे उघडे ठेवले. सासूबाईंनी दांडी वर केली, खाली केली, पुन्हा वर, धूर सुटला. चिडून म्हणाल्या, मिट गं डोळे! कुणी बघत असलं की माझा हात चुकतो.

मिटले. लोणी मऊ झाले.